पहिल्या रांगेतला माणूस कुठे गेला?

मुंबईला गेलो होतो तेव्हा गिरगावाच्या टोकाचं रॉयल ऑपेरा हाऊस आतून पाहून आलो. परत आल्यावर पणजीतल्या मित्रमंडळींना फोटो दाखवले. सोनेरी नक्षी, झुंबरं, गोल घुमट, लाल मखमल. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली आणि मग, जणू ठरवून आल्यासारखं, प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं : "आपल्या सिने नॅशनलचं असंच काहीतरी करायला हवं रे!"

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

गैरसमज नको. सिने नॅशनल पडून जावं आणि तिथे आणखी एक काचेची इमारत उभी राहावी असं मला मुळीच वाटत नाही. पोर्तुगीज अमदानीतलं ते थिएटर वर्षानुवर्षं बंद पडलेलं पाहून माझ्याही पोटात तुटतं. माझा विरोध आहे तो "असंच" या शब्दाला. कारण ऑपेरा हाऊसमध्ये मी जे पाहिलं ते अतिशय सुंदर होतं, आणि तरीही बाहेर पडताना काहीतरी हरवल्याची चुटपुट लागून राहिली. नेमकं काय हरवलं ते मला कळलं नाही. ते माझ्या मामाने सांगितलं.

मामा मूळचा फोंड्याकडचा. गोवा मुक्त झाल्यानंतर सहा-सात वर्षांनी मुंबईला गेला, गिरगावात एका खोलीत चार गोंयकारांबरोबर राहिला आणि छापखान्यात खिळे जुळवत आयुष्य काढलं. आता ऐंशीला टेकलाय. त्याने या थिएटरात किती सिनेमे पाहिले याचा हिशोब त्याच्याकडेही नाही. छापखाना सुटला की चालत यायचं, खिडकीवर पैसे सरकवायचे आणि पडद्याजवळच्या रांगांत जाऊन बसायचं. मान वर करून तीन तास. घरी जाताना मान अवघडलेली आणि तोंडात गाणं. म्हणून मी त्याला म्हटलं, "मामा, चल, तुझं ऑपेरा हाऊस परत उघडलंय, बघून येऊ." एका गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली आणि आम्ही गेलो.

आत शिरल्यावर मामा बराच वेळ नुसता उभा राहिला. मग मधल्या वाटेने हळूहळू पुढे गेला, अगदी रंगमंचापर्यंत. पहिल्या-दुसऱ्या रांगेच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बसतालों हांगाच. पूण ही जागा ती न्हय."

मी म्हटलं, "खुर्च्या बदलल्या असतील."

"खुर्च्यांचं नाही रे. ही आता सगळ्यांत महाग जागा असणार."

झालं. मामाने एका वाक्यात सगळं सांगून टाकलं होतं. मला समजायला मात्र परतीचा अख्खा प्रवास लागला.

बघा, सिनेमाच्या थिएटरात सगळ्यांत स्वस्त जागा पुढची असते. पडद्याला नाक लावून बसणारा तो हमाल, विद्यार्थी, खिळे जुळवणारा. पैसेवाला मागे, बाल्कनीत. नाटकाच्या आणि गाण्याच्या थिएटरात नेमकं उलटं. पैसेवाला पुढे, कलावंताच्या श्वासाजवळ, आणि खिसा रिकामा असलेला मागे, वर, खांबाआड. म्हणजे सिनेमाचं थिएटर पुन्हा नाट्यगृह होतं तेव्हा नुसता रंग बदलत नाही. माणसांची उतरंड उलटीपालटी होते. मामा जिथे बसत होता ती जागा जागच्या जागीच आहे, अगदी इंचभरही हललेली नाही. फक्त मामा तिथे बसू शकत नाही. (आम्हाला वागणूक अतिशय सौजन्याची मिळाली, कोणी कपाळाला आठी घातली नाही, हेही सांगून टाकतो. प्रश्न वागणुकीचा नाहीच.)

आता या वास्तूचा थोडा इतिहास. मुद्दा त्यातच आहे.

रॉयल ऑपेरा हाऊसचं उद्घाटन १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते झालं. इमारत तेव्हा पुरी झालेलीही नव्हती. कल्पना होती कलकत्त्याच्या मॉरिस बँडमन या नाटकधंद्यातल्या माणसाची आणि मुंबईच्या जहांगीर फ्रामजी कराका यांची. नावाप्रमाणे ती बांधली होती साहेबाच्या ऑपेरासाठी. पण ऑपेरा किती दिवस चालला? फार तर पहिली काही वर्षं. मूकपटांच्या काळातच तिथे पडदा आला. तिथल्या रंगमंचावर बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले (होय, आपल्या मंगेशीचे दीनानाथ), पृथ्वीराज कपूरने नाटकं केली. तिसाच्या दशकात ते रीतसर सिनेमागृह झालं आणि जानेवारी १९९३ मध्ये बंद पडेपर्यंत सिनेमागृहच राहिलं. मधल्या काळात, १९५२ मध्ये, गोंडळच्या राजघराण्याने ते विकत घेतलं. २०१२ मध्ये जागतिक स्तरावरच्या धोक्यात असलेल्या वारसास्थळांच्या यादीत त्याचं नाव गेलं. आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार केला, ऑक्टोबर २०१६ मध्ये दारं उघडली, मूळच्या गोव्याच्या घराण्यातल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या, आणि २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कारही मिळाला.

पुरस्कार योग्यच होता. कामात कसर नाही. जुनी छायाचित्रं शोधून, रंगाचे थर खरवडून, सिनेमासाठी केलेले फेरफार दूर करून मूळ रूप परत आणलं आहे. माझा प्रश्न फक्त एवढाच : मूळ रूप म्हणजे कुठलं?

या वास्तूची तीन आयुष्यं झाली. ऑपेराचं, नाटकाचं आणि सिनेमाचं. त्यातलं सगळ्यांत लांब आयुष्य सिनेमाचं, सहज पन्नास वर्षांहून अधिक. सगळ्यांत आखूड ऑपेराचं. आणि परत आणलं ते कुठलं? सगळ्यांत आखूड! सिनेमाचं आयुष्य खरवडून काढण्याचा थर ठरलं. जुन्या लाकडावरचा तैलरंग काढावा तसं ते काढलं, की खाली "अस्सल" सापडलं. राजाने फीत कापली तो दिवस अस्सल. मामाने मान वर करून काढलेली पंचवीस वर्षं म्हणजे मागाहून चढलेली पुटं.

कोणी म्हणेल, जीर्णोद्धाराचं शास्त्रच तसं आहे, कुठल्यातरी एका काळाची निवड करावीच लागते. मान्य. पण निवड करावी लागते असं म्हटलं की ती निवड कोणीतरी केली हेही मान्य करावं लागतं. आणि ही निवड दर वेळी एकाच दिशेने का जाते? राजाकडे, लाटसाहेबाकडे, संगमरवराकडे. पिटातल्या बाकाकडे ती कधीच कशी जात नाही?

हे मी नुसतं रागाने म्हणत नाही. ऑपेरा हाऊसच्या पायऱ्यांवर उभं राहा आणि गिरगावच्या दिशेने चालायला लागा. याच गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ होतं. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' तिथे लागला. याच गिरगावात मॅजेस्टिक होतं. १४ मार्च १९३१ रोजी भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' तिथे लागला, आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते म्हणतात. भारतीय सिनेमाच्या इतिहासात या दोन पत्त्यांहून मोठे पत्ते शोधून सापडणार नाहीत. आज कॉरोनेशनचा मागमूस नाही. मॅजेस्टिकच्या जागी शॉपिंग सेंटर आहे. 'आलम आरा'ची प्रतही उरली नाही आणि तो जिथे प्रथम बोलला ती भिंतही उरली नाही. लुमिएरच्या माणसांनी ७ जुलै १८९६ रोजी ज्या वॉटसन हॉटेलात भारतातला पहिला खेळ केला, ती इमारत काळ्या घोड्याजवळ टेकूंवर दिवस मोजते आहे.

आणि उभं काय आहे? ज्याच्या नावात 'रॉयल' आहे ते.

आता बोला! हा योगायोग असेल तर मी गप्प बसतो. पण मला तो योगायोग वाटत नाही. आपण जुनी इमारत वाचवायला निघतो तेव्हा आधी तिच्याकडे प्रतिष्ठेचा दाखला मागतो. कोण राजा आला होता, कुठल्या शैलीचे खांब आहेत, झुंबर कुठून आणलं? ज्या इमारतीने असा दाखला दिला ती वारसा. जिच्याकडे फक्त प्रेक्षक होते ती जागा, आणि जागेला भाव असतो.

आता पलीकडची बाजू. ती मांडली नाही तर हा लेख नुसती किरकिर ठरेल.

पहिला आक्षेप : पैसे कोण देणार? एकपडदा थिएटर आज चालवून दाखवावं कोणी. हजार खुर्च्यांच्या सभागृहात दुपारच्या खेळाला वीस माणसं. वीज, कर, नोकर, डिजिटल प्रोजेक्टर. मालक धर्मादाय संस्था उघडून बसलेला नाही. हे खरं आहे, आणि गोव्यातल्या मालकांनी थिएटरं बंद केली म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. घरबसल्या मोबाईलवर सिनेमा दिसतो तेव्हा लोकच गेले नाहीत, आपणच गेलो नाही. हे पाप सामायिक आहे.

दुसरा आक्षेप : काहीच न राहण्यापेक्षा महागडं का होईना, राहिलं हे काय कमी? याचं उत्तर मी "कमी नाही" असंच देईन. चर्चगेटसमोरचं इरॉस घ्या. १९३८ सालचं. मरीन ड्राइव्ह परिसरातल्या आर्ट डेको इमारतींबरोबर २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. काही वर्षं बंद राहून फेब्रुवारी २०२४ मध्ये आयमॅक्स म्हणून उघडलं. पूर्वी बाराशेच्या वर खुर्च्या होत्या, आता साधारण तीनशे. बाहेरचा लाल-पिवळा डौल तोच, आतला हॉल नवा. निदान तिथे रोज सिनेमा लागतो, रांग लागते, पोरं पॉपकॉर्न सांडतात. ऑपेरा हाऊसपेक्षा हा मार्ग मला, खरं सांगायचं तर, अधिक प्रामाणिक वाटतो. पण बाराशेच्या तीनशे झाल्या त्यात गेलेल्या नऊशे खुर्च्या कोणाच्या होत्या? मागच्या सोफ्यातल्या माणसाच्या खचित नव्हत्या. एकीकडे हॉल पुन्हा ऑपेराचा झाला, दुसरीकडे आयमॅक्सचा झाला. वाटा अगदी वेगळ्या, पण दोन्हींकडून गळला तो एकच माणूस.

माझा राग म्हणून मालकांवर नाही, वास्तुरचनाकारांवर नाही. तो आपल्यावर आहे, आपल्या टाळ्यांवर आहे. मालकाने पैसे घातले, तज्ज्ञाने मेहनत केली, त्यांनी त्यांचं काम केलं. आपलं काम होतं विचारण्याचं, की बाबांनो, थिएटर वाचलं ते कोणासाठी? ते आपण विचारलं नाही. आपण फोटो काढले.

आणि आता येऊ घरी, गोव्यात.

आमच्याकडची जुनी थिएटरं आठवा. पणजीचं नॅशनल, म्हापशाचं अलंकार, वास्कोचं एल मोंत, मडगावचं विशांत आणि लता. नावं वाचतानाच ज्याच्या त्याच्या मनात कुठलातरी सिनेमा सुरू झाला असेल! म्हापशाच्या एल कॅपितानमध्ये २४ एप्रिल १९५० रोजी पहिला कोंकणी चित्रपट 'मोगाचो आंवडो' लागला. सगळा गोवा फिरंग्यांच्या अंमलाखाली असताना लोक आपल्या भाषेतला बोलपट बघायला जमले होते. मुक्तीनंतर याच थिएटरांनी आम्हाला हिंदी शिकवलं. शाळेतल्या हिंदीच्या मास्तरांना राग येईल, पण गोव्याच्या खेड्यात हिंदी आलं ते पुस्तकातून कमी आणि पडद्यावरून जास्त. मराठी सिनेमे आले. डिचोली-पेडण्याकडची माणसं शेवटच्या बसचं वेळापत्रक तोंडपाठ करून सिनेमाला येत आणि शेवट न बघता उठत, कारण बस चुकली तर रात्र स्टँडवर. माझ्या आईने कित्येक सिनेमांचे शेवट आयुष्यात पाहिले नाहीत. तिने ते स्वतःच रचले होते, आणि पुढे टीव्हीवर खरे शेवट दिसले तेव्हा म्हणाली, माझेच बरे होते!

हा आमचा वारसा. पण गोव्यात 'वारसा' या शब्दाचा अर्थ काय होऊन बसलाय ते आपण जाणतो. शिंपल्यांच्या खिडक्या, निळ्या फरशा, पिवळ्या भिंती आणि गच्चीवर मातीचा कोंबडा. पर्यटक जे बघायला येतो ते वारसा. उद्या नॅशनलचा जीर्णोद्धार निघाला तर काय होईल ते मी आजच लिहून देतो. पोर्तुगीज काळातला दर्शनी भाग झकपक होईल. आत पियानो येईल. फादो गायनाच्या संध्याकाळी होतील. कोपऱ्यात कॉफी मिळेल, तिचा भाव आपण विचारणार नाही. भिंतीवर जुन्या पणजीची काळी-पांढरी छायाचित्रं लागतील आणि त्यांत टोपीवाले सेन्योर असतील. १९६१ नंतर तिथे बसून शिट्ट्या मारलेली माणसं एकाही छायाचित्रात नसतील. मला फादो वाईट वाटतो असं नाही, तोही गोव्याचाच एक सूर आहे. पण घरातल्या सगळ्या भिंतींवर एकाच आजोबांची तसबीर लावली तर बाकीच्या आजोबांनी जायचं कुठे?

गंमत अशी की याच गोव्यात दुसरं टोकही आहे. आमच्या देवळांचा जीर्णोद्धार! तिथे जुनी कौलं, लाकडी खांब, भित्तिचित्रं, मातीच्या भिंती जातात आणि काँक्रीट, ग्रॅनाइट, चकचकीत संगमरवर येतो. वारसावाले हळहळतात, मीही हळहळतो. पण एक गोष्ट नीट बघा. देवळात इमारत जाते आणि माणसं राहतात. पालखी तीच, जत्रा तीच, मानकरी तेच, पुनवेच्या रात्री गावच्या पोरांनी बसवलेलं मराठी नाटक तेच. थिएटरात उलटं झालं. इमारत राहिली आणि माणसं गेली. दोन्ही जीर्णोद्धार अर्धवटच. पण मला जबरदस्तीने निवडायला लावलं तर (देव करो आणि ती वेळ न येवो) मी पहिला अर्धा निवडीन. भिंत पुन्हा बांधता येते. प्रेक्षक बांधायला गवंडी मिळत नाही.

सरकारी जीर्णोद्धाराचा अनुभवही आपल्यासाठी ताजाच आहे. चार्ल्स कोरियांची कला अकादमी दुरुस्तीसाठी २०२१ मध्ये बंद झाली. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू उघडली आणि त्यानंतर ध्वनी-प्रकाशाबद्दल कलाकारच तक्रारी करू लागले. मधली दोन वर्षं नाटकवाले तालमीसाठी आणि प्रयोगासाठी वणवण फिरले. त्या सगळ्या काळात चर्चा कशाची? खर्चाची, निविदेची, छपराची. ते विचारायलाच हवं होतं. पण जिन्यावर बसून चहा पिणारा नाटकवाला, दर्यासंगमाकडे तोंड करून तालीम करणारी पोरं, म्हणजे कोरियांच्या त्या मोकळ्या वास्तूचा खरा मालक, त्याला कितीदा विचारलं गेलं? इफ्फीसाठी जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत २००४ मध्ये सजली. चांगली सजली. पण नोव्हेंबरमधले नऊ-दहा दिवस सोडले तर सामान्य पणजीकराचं पाऊल तिथे किती वेळा पडतं, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

उलटं उदाहरण फार लांब नाही. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ साली 'पॅलेस थिएटर' म्हणून बांधलेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळालं. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारी माणसं कोण होती? नट होते, पडदे ओढणारे होते, आणि ज्यांनी उभ्या जन्मात तिथे फक्त तिकीट काढून नाटक पाहिलं असेही होते. तेही राजानेच बांधलेलं होतं, नावातही 'पॅलेस' होतं. पण गावाने ते वापरून वापरून आपलं करून टाकलं होतं. म्हणून जळल्यावर गाव म्हणालं, आमचं जळलं. आता मला सांगा, उद्या आपलं नॅशनल जळलं (न जळो) तर पणजीत कोण रडेल? चार वारसाप्रेमी निवेदन काढतील. बाकीचे म्हणतील, चला, पार्किंगला जागा झाली!

तर मग करायचं काय? नुसता विरोध करून घरी बसणं मला पसंत नाही. नॅशनल असो, दुसरं कुठलंही जुनं थिएटर असो, जीर्णोद्धाराची मागणी करणाऱ्या माझ्या मित्रांनो, मागणीत या चार ओळी घाला.

एक. पुढच्या चार रांगा कायम स्वस्त. कार्यक्रम कोणताही असो, पाहुणा कोणीही असो. २०२५ च्या सप्टेंबरपासून शंभर रुपयांपर्यंतच्या सिनेमाच्या तिकिटावर पाच टक्के कर आहे आणि त्यावरच्या तिकिटावर अठरा. म्हणजे स्वस्त तिकीट ही वेगळी गोष्ट आहे, तिला हात द्यावा, एवढं दिल्लीलाही कळलंय. सरकारचा पैसा ज्या थिएटरात जाईल तिथे शंभरच्या आतलं तिकीट असलंच पाहिजे, आणि ते खांबाआडचं नको, पुढचं हवं.

दोन. आठवड्यातले निदान तीन दिवस मराठी आणि कोंकणी. सिनेमा, नाटक, तियात्र, काहीही. महोत्सवाची वाट न बघता, मंगळवारच्या संध्याकाळी, रिकाम्या खुर्च्या दिसल्या तरी. सवय उत्सवाने लागत नाही. सवय मंगळवारने लागते.

तीन. शेवटची बस. हसू नका! प्रेक्षक डिचोलीहून, पेडण्याहून, सांगे-काणकोणहून यायचा असेल तर खेळ सुटल्यावर बस हवी. आमच्या थिएटरांचा इतिहास जितका रिळांचा आहे तितकाच तो कदंबाच्या वेळापत्रकाचा आहे. ही ओळ जीर्णोद्धाराच्या आराखड्यात मी अजून कुठे पाहिलेली नाही.

चार. भिंत खरवडण्याआधी माणसांना विचारा. डोअरकीपर, प्रोजेक्टर चालवणारा, गेटाबाहेर शेंगदाणे विकणारी बाई, ब्लॅकने तिकिटं विकणारासुद्धा. त्यांतले बरेच सत्तरी-ऐंशीत आहेत. रंगाचा थर शंभर वर्षं भिंतीवर थांबतो. माणूस थांबत नाही. आधी त्यांचं बोलणं टिपून ठेवा, मग कुठला काळ "मूळ" ते ठरवा.

या चार ओळी नसतील तर जीर्णोद्धाराच्या निवेदनावर माझी सही मागू नका. नुसता दर्शनी भाग वाचवून मिळणाऱ्या पोस्टकार्डासाठी मी सही करणार नाही. त्यावर मला "वारसाविरोधी" म्हणायचं तर खुशाल म्हणा.

जाता जाता त्या संध्याकाळचं राहिलेलं सांगतो. कार्यक्रम चांगला झाला. आमची जागा वरच्या बाल्कनीत होती. गाणं सुरेख ऐकू येत होतं, आवाजाच्या बाबतीत त्या वास्तूला तोड नाही. मध्यंतरात मी मामाला विचारलं, "कसं वाटतंय?"

मामा कठड्यावरून खाली, पहिल्या रांगेकडे बघत होता. म्हणाला, "बरें आसा. वयल्यान केन्नाच पळोवंक नाशिल्लें." छान आहे, वरून कधी पाहिलंच नव्हतं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो त्या थिएटरच्या बाल्कनीत बसला होता. त्याला बढती मिळाली असं म्हणायला हरकत नाही. पण कार्यक्रम संपून आम्ही चर्नी रोड स्टेशनकडे चालू लागलो तेव्हा लक्षात आलं, आज मामा गुणगुणत नव्हता. मान मात्र अजिबात अवघडली नव्हती.